रानशिकऱ्याचा ऐन

डोळखांबपासून धसईपर्यंत डास आणि अफवा सोडून जे जे उडतं, ते ते आपण ओळखतो, असं महिपत मास्तर छातीवर हात ठेवून सांगत. ऐकणाऱ्याला घाई असली तरी सांगत. शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने पटावर मुलं किती म्हणून विचारलं, तर मास्तर खिडकीबाहेर बोट करत आणि म्हणत, मुलं सत्तावीस, पण आधी त्या शेवग्यावर बघा, हळद्या बसलाय. अधिकारी हळद्या बघत नसत. त्यांनी शेऱ्याच्या वहीत काय लिहिलं, ते मास्तरांनी कधी कुणाला वाचून दाखवलं नाही.

बढाई खरी, पण पोकळ नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्यांची जी शोभा झाली ती वाचून कुणीही त्यांना थापाड्या म्हणेल. थापाडे ते नव्हते. मराठी सातवी झालेला माणूस. इंग्रजी शिकला तो एका जुन्या शब्दकोशावर, 'ए'पासून सुरुवात करून, कुणाची फी न देता. कल्याणच्या बाजारात रद्दीवाल्याकडे त्यांना पक्ष्यांचं एक जाड इंग्रजी पुस्तक सापडलं, आणि त्या दिवसापासून बायकोला, म्हणजे देवकीला, नवरा पुस्तकाच्या वरच्या कडेतूनच दिसू लागला.

पुस्तकाला वाळवी लागलेली होती. वाळवीची निवड बघा. चिमण्या, मैना, बुलबुल सगळे शाबूत ठेवून तिने नेमकी शिकारी पाखरं खाल्ली होती. घार गेली, ससाणा गेला, शिकरा गेला. उरलं ते अर्धं पान, आणि त्यावर एकाच पाखराची हकिकत होती. नाव बेसरा. दाट रानात राहतो, उघड्यावर येत नाही. शिकऱ्यासारखाच दिसतो, त्यामुळे भलेभले फसतात. ओळखायची खूण, गळ्यावर मधोमध जाड काळी रेघ. त्याच्या पुढचं सगळं वाळवीच्या पोटात.

बाकीचं पुस्तक मास्तरांना चालतं-बोलतं मिळालं. त्याचं नाव देवजी.

देवजी डोळखांबच्या मागच्या डोंगरात, वरच्या पाड्यावर राहायचा. भात आणि नाचणी पिकवायचा. वय विचारलं तर हसायचा. त्याची पाखरं ओळखायची रीत साहेबांच्या उलटी होती. पाखरू दिसलं की साहेब त्याची चोच बघतो, पाय बघतो, पिसं मोजतो. देवजी आधी विचारायचा, ते राहतं कुठं? नाव मागाहून. त्याच्या हिशोबाने शिकरे दोन. एक गावशिकरा. तो कुडाच्या शेंड्यावर बसेल, वाळल्या फांदीवर बसेल, सरडे खाईल, टोळ खाईल, एखाद दिवशी कोंबडीचं पिल्लूही नेईल. त्याला माणसाची लाज नाही. गळ्यावर रेघ असते, पण ती केसाएवढी. दुसरा रानशिकरा. तो झाडोऱ्याच्या सावलीबाहेर पाऊल टाकणार नाही. पाठ पाटीसारखी काळसर, पाय काडीसारखे, छातीवर ओघळ. आणि गळ्यावर कोळशाने ओढावी तशी रेघ, बोटाएवढी जाड.

हे ऐकताना मास्तर देवजीच्या अंगणात उकिडवे बसले होते. ते ताडकन उभे राहिले. बाईजा, देवजीची बायको, घाबरून म्हणाली, "मास्तर, इंगळी चावली काय?"

इंगळी नाही, अर्धं पान चावलं होतं.

देवजी त्यांना ओहळात घेऊन गेला. तिथे ऐनाचं एक झाड होतं. आता या ऐनाचं थोडं सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा त्याच्यापायी झाला. आपल्याकडे भाताची रोपं करायची तर आधी राब भाजावा लागतो. थंडीत झाडांच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, वाफ्यावर पसरून पेटवायच्या, आणि त्या राखेत पेरायचं. त्यासाठी पाड्यावर ज्याची त्याची झाडं ठरलेली. कागदावर काही नाही. सरकारच्या नकाशात सगळा डोंगर सरकारचा, पण पाड्याच्या डोक्यात प्रत्येक झाडाला धनी. नकाशा करणाऱ्यांनी पाड्याला विचारलं नव्हतं, म्हणून पाड्यानेही नकाशाला विचारलं नाही. देवजीची नऊ झाडं. आठ तो दरसाल तोडायचा. नववा हा ओहळातला ऐन. बाकीचे ऐन शिमग्यापर्यंत उघडेबोडके होतात. हा ओहळाचं पाणी पिऊन पाला धरून असायचा, आणि त्या पाल्याच्या पोटात रानशिकऱ्याची जोडी घरटं करायची. ज्या वर्षी जोडी यायची, त्या वर्षी देवजी या झाडाला कोयता लावायचा नाही. राब कमी पडायचा. देवजी शेण आणि पाचोळा टाकून वेळ मारून न्यायचा.

बाईजा म्हणायची, "माझ्या सात बाळंतपणात यानं येवडी कदर केली नाय."

मास्तरांनी त्या दिवशी पाल्यातून मादी बघितली. घरट्यावर बसली होती. मान वर केली तेव्हा गळा दिसला. काळी, जाड, सरळ रेघ. मास्तरांना वाटलं, ही रेघ आपल्यासाठीच कुणी ओढून ठेवली आहे. माणसाला असं काही वाटलं की समजावं, वाईट वेळ सुरू झाली.

ते साल एकोणीसशे अडतीस. दोन दिवसांनी मास्तर शाळेच्या कामासाठी शहापूरला गेले, तर डाकबंगल्यावर खरशेटजी नावाचा एक पारशी साहेब उतरलेला. मुंबईच्या कुठल्याशा संग्रहालयासाठी तो जिल्ह्यातल्या पाखरांची यादी करत होता. ती यादी छापून निघणार होती, आणि माहिती देणाऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरात येणार होतं. साहेबाने भोवतालच्या पाच-सहा शाळामास्तरांना चहाला बोलावलं होतं. कोणत्या गावात कोणता शिकारी पक्षी, असं तो विचारत होता. सापगावचे मास्तर म्हणाले, शिकरा, माझी कोंबडी नेली. बाकीच्यांनीही आपापल्या कोंबड्यांची दुःखं सांगितली. महिपत मास्तरांची पाळी आली तेव्हा ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "डोळखांबला बेसरा आहे."

साहेब हसला. वाईट हसला नाही, पण हसला. म्हणाला, प्रत्येक तालुक्यात एक मास्तर मला बेसरा देतो आणि जवळ जाऊन बघितलं की तो शिकरा निघतो. पाखरू हातात घेतल्याशिवाय मी लिहीत नाही.

सापगावचे मास्तर म्हणाले, "महिपतराव, तुमच्या पुस्तकातला शिकरा वाळवीनं खाल्लाय ना? मग जे उरलं ते बेसराच दिसणार."

सगळे हसले. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर त्यांना याच एका गोष्टीची चीड. कुणी तरी कॉलेजात जाऊन आलेला माणूस खुर्चीत बसतो, आणि रानात गुडघे फोडलेल्याला सांगतो की तुला दिसलं ते तुला दिसलंच नाही. त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला. पंधरा दिवसांनी या. घरटं दाखवतो, जोडी दाखवतो, रेघ दाखवतो. साहेब म्हणाला, ठीक, तसं निघालं तर यादीत बेसऱ्यापुढे तुझं नाव. आता मास्तरांना जगात दुसरं काही नको होतं. त्या यादीत डोळखांबचा बेसरा चढला पाहिजे, बस्स.

निघताना त्यांची नजर आतल्या टेबलावर गेली. तिथे पाखरं ओळीने उताणी ठेवली होती. डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला चिठ्ठ्या. हातात घेतल्याशिवाय म्हणजे काय, ते त्यांना तेव्हाच कळलं. कळलं, आणि त्यांनी नजर वळवली. हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं. पुढे वर्षानुवर्षं जे सलत राहिलं ते फजितीपेक्षा हे.

परत आल्यावर त्यांना पहिली धास्ती पडली ती झाडाची. राबाचे दिवस संपत आले होते, पण ज्याचा कमी पडला तो अजून कोयता घेऊन फिरत होताच. म्हणून मास्तर जंगलखात्याच्या गार्डाकडे गेले. गार्ड लडकू. लडकू मुळात गरीब आणि झोपाळू. मास्तर म्हणाले, ओहळातल्या ऐनाला कुणी हात लावता कामा नये, मुंबईहून साहेब येणार आहे. लडकूला नोकरीत कुणी काम सांगितल्याची ही पहिलीच वेळ. त्याला भरून आलं. त्याने त्या ऐनाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. खाकी सदरा धुतला. काठीला तेल लावलं आणि झाडाखाली बसला. दुसऱ्या दिवशी त्याने ओहळात शेरडं यायची बंद केली. तिसऱ्या दिवशी माणसं.

मास्तरांना आनंद झाला. त्यांनी त्यात भर म्हणून एक फळी आणली आणि तिच्यावर चुन्याने लिहिलं, "या झाडास कोणी हात लावू नये. हुकुमावरून." पाड्यावर वाचता येणारा एकही माणूस नव्हता. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून मास्तर ती फळी स्वतःच वाचून दाखवत.

झाडाला हात लावू नये म्हणून इतकं सगळं केलं, पण का लावू नये, ते मात्र कुणालाच सांगितलं नाही. लडकूला सांगितलं नाही, कारण लडकूच्या तोंडात काही राहत नसे. पाड्याला सांगितलं नाही, कारण पाड्याने ते देवजीला सांगितलं असतं. आणि देवजीला सांगितलं नाही, कारण त्याने विचारलं असतं, साहेब येऊन काय करणार?

पाड्यावर मग जो तो आपल्या मगदुराप्रमाणे विचार करू लागला. कुणी म्हणालं, झाडाच्या बुडाशी हंडा आहे. बाईजा म्हणाली, हंडा असता तर लडकू तिथं झोपला असता काय, खणत बसला असता. कुणी म्हणालं, साहेबाच्या बायकोला मूल होत नाही, ती ऐनाला फेऱ्या घालणार आहे. यावर दोन दिवस बरीच चर्चा झाली. शेवटी म्हातारी माणसं बसली आणि त्यांनी आठवून आठवून सांगितलं. पलीकडच्या डोंगरावर सागवान होतं. एक दिवस तिथं गार्ड बसला. लोकांना वाटलं, सरकार राखतंय. सहा महिन्यांत ठेकेदाराच्या गाड्या आल्या आणि डोंगर हजामत केल्यासारखा झाला. मुंबईच्या पाण्यासाठी तलाव झाला तेव्हाही आधी खुंट्या ठोकल्या, मग खुंट्या राखायला शिपाई बसवला, मग गावं उठवली. सरकार उगाच कशाला राखत नाही. सरकारने जे राखलं, ते गेलं. हे पाड्याचं शास्त्र. यात वाळवीने खाल्लेलं एकही पान नव्हतं, आणि आजवर ते एकदाही चुकलेलं नव्हतं.

देवजी शाळेत आला. कधी यायचा नाही. दाराबाहेर उभा राहून त्याने हळूच विचारलं, "मास्तर, साहेब माझा ऐन नेतो काय?"

मुलं बघत होती. मास्तर पाढे घेत होते. हा क्षण मास्तरांना पुढे कितीदा तरी आठवला, आणि दरवेळी त्यांनी मनातल्या मनात योग्य उत्तर दिलं. नाही रे बाबा, तुझ्या रानशिकऱ्यासाठी चाललंय. एवढंच. पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात यादी होती, आणि टेबलावरचा कापूसही होता. ते म्हणाले, "देवजीबाबा, हे शास्त्राचं काम आहे. तुला नाही कळायचं."

देवजीने मान हलवली. म्हणजे त्याला कळलं. शास्त्राचं काम. म्हणजे नेतो.

साहेब यायच्या चार दिवस आधी लडकूला शहापूरहून निरोप आला. साहेबाच्या सामानासाठी बैलगाडी ठरवायची आहे, ताबडतोब निघून ये. लडकू गेला. ज्याच्यासाठी राखण बसवली, त्याच्याचसाठी ती उठली. सरकारी कामाची हीच खुमारी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मास्तर ओहळात उतरले आणि कुंपणापाशी येऊन थांबले. त्यांना आधी वाटलं, आपण वाट चुकलो. झाड होतं. कुंपण होतं. फळीही होती, तिच्यावरचा चुनाही पुसला नव्हता. पाला नव्हता. वरपासून खालपर्यंत ऐन सोलून काढल्यासारखा उभा, आणि मधोमध एकच फांदी शाबूत. त्या फांदीवर घरटं. मिरवणुकीत एखाद्याने छत्री धरावी तसं ते एकटंच आभाळात. खाली तोडलेल्या डहाळ्यांच्या मोळ्या बांधून नीट रचल्या होत्या, आणि देवजी शेवटची मोळी आवळत होता.

मास्तर घरट्याकडे बोट करून उभे राहिले. देवजीच म्हणाला, "पाखराची फांदी ठिवलीय मी. त्याच्या बाजूनं कोयताच नेला नाय."

त्याच्या आवाजात अपराध नव्हता. सरकार उद्या बुंध्यासकट नेणार, मग निदान पाला तरी घरात यावा. त्यातही त्याने पाखराला सोडलं होतं. सरकारने त्याच्यासाठी एवढंही कधी सोडलं नव्हतं.

मास्तर एकदम ओरडले, की तुला कुणी सांगितलं, झाड कोण नेणार होतं, हे सगळं पाखरासाठीच चाललं होतं! देवजी मोळी आवळायचा थांबला. मग त्याने कमरेचा कोयता काढून खाली ठेवला, वर बघितलं. घरट्यात कुणी नव्हतं. सावलीत जन्म काढलेलं पाखरू उन्हात टांगल्यावर बसेल कसं? मादी ओहळापलीकडे दाटीत कुठेतरी होती. चिर्र-चिर्र असा तिचा आवाज एकदा आला, मग कड्याकडे गेला, मग आला नाही.

"मास्तर," देवजी म्हणाला, "येवडं येका बोलात सांगितलं असतंत, तर कोयता मी आढ्याला टांगला असता."

मास्तर शहाणे असते तर तिथेच थांबले असते. पण साहेब तीन दिवसांवर आला होता, आणि यादी डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. तोडलेला पाला समोरच आहे. झाडही समोरच आहे. बांधून टाकू!

दुसऱ्या सकाळी लडकू परत आला, त्याला त्यांनी वर चढवला. खालून मास्तर डहाळ्या देत, वरून लडकू त्या सुंभाने खोडाला बांधत. सुंभ संपला तेव्हा वेली आणल्या. वेली संपल्या तेव्हा मास्तरांनी घरून देवकीची वाळत घालायची दोरी आणली, आणि तीही संपली तेव्हा लडकूच्या पगडीचं फडकं फाडलं. देवजी काठावर बसून बघत होता. तो हसला नाही, हेच मास्तरांना जास्त लागलं. संध्याकाळपर्यंत ऐन पुन्हा हिरवा झाला, पण कसा? गावच्या नाटकात राजाला दाढी चिकटवतात तसा. वाऱ्याने एक डहाळी उलटी फिरली, की लडकू वर जाऊन ती सरळ करी. दुसऱ्या दिवशी पाला मान टाकून लोंबू लागला, आणि तिसऱ्या दिवशी, साहेब यायच्या सकाळी, तो तांबडा झाला.

त्या तीन दिवसांत रानशिकरे आले नाहीत. कावळे आले. घरट्यात तीन अंडी होती, निळसर. कावळ्यांनी ती उचलली तेव्हा लडकू खाली बसून दगड मारत होता. त्याचा एक दगड घरट्याला लागला.

साहेब आला. सोबत बंदूक, दुर्बीण, चहाचा डबा, आणि फुकटची मौज बघायला आलेले सापगावचे मास्तर. मास्तरांनी रात्रभर एक वाक्य घोकून ठेवलं होतं, की साहेब, जोडी होती, तेरवापर्यंत होती. ते वाक्य बोलायची वेळच आली नाही. ओहळात उतरता उतरता साहेबाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ऐनाच्या त्या एकुलत्या शाबूत फांदीवर, घरट्याशेजारी, शिकरा बसला होता. ऐटीत. पायाखाली सरडा.

मास्तरांचं काळीज उडालं. क्षणभर, देवाशपथ, त्यांना वाटलं की परत आला! मग त्यांनी सरड्याकडे बघितलं, आणि त्या उघड्या फांदीवरच्या बिनधास्त बसण्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. ओरडून उडवून लावावा म्हणून त्यांनी तोंड उघडलं. बंदुकीचा आवाज आधी झाला.

पाखरू काटेरी कुंपणात पडलं. लडकूने हात ओरबाडून घेत ते काढून दिलं. साहेबाने ते उलटं करून तळहातावर ठेवलं, हनुवटीखालची पिसं फुंकून बाजूला केली आणि मास्तरांपुढे धरलं. म्हणाला, "जाडी रेघ कुठे, मास्तर? ए तो शिकरा छे."

रेघ होती. केसाएवढी.

मास्तर सांगू लागले, की हा तो नव्हे, तो दुसरा होता. तो रानातला. हा झाड उघडं पडल्यावर आला. साहेबाने झाडाकडे नीट बघितलं, बांधलेल्या डहाळ्या बघितल्या, लडकूच्या पगडीचं फडकं बघितलं, आणि सापगावच्या मास्तरांना विचारलं, इकडे झाडांनाही मलमपट्टी करतात काय? सापगावच्या मास्तरांना हसता हसता खाली बसावं लागलं.

मग मास्तरांनी शेवटचा साक्षीदार काढला. देवजीबाबा, तू सांग. साहेबाने पाखरू देवजीपुढे केलं आणि विचारलं, हा कोण?

"गावशिकरा," देवजी म्हणाला.

"आणि दुसरा, रानातला?"

"व्हता. ऐनाला पाला व्हता तवर व्हता."

साहेब भला होता. त्याने देवजीचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, रेघ कशी, पाय कसे, छाती कशी. मास्तरांकडे वळून म्हणाला, माणूस खरं सांगत असेलही. पण 'होता' असं मला लिहिता येत नाही. माझ्या हातात जे आहे तेच मी लिहिणार. आणि त्याने हातातल्याच्या पायाला चिठ्ठी बांधली.

गाडी गेल्यावर ओहळात दोघेच राहिले. देवजीने उरलेल्या मोळ्या डोक्यावर घ्यायला सुरुवात केली होती. जाता जाता त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "मास्तर, साहेबाला आपला रानशिकरा गावला असता, तर त्यानं त्यालाबी असाच मारला असता ना?"

मास्तर वाकून फळी उपटू लागले. देवजीही उत्तरासाठी थांबला नाही. त्याला ते आधीच मिळालेलं होतं.

यादी छापून आली ती पुढच्या माघात. मास्तरांनी पोस्टातच पाकीट फोडलं. बेसरा या नावापुढे लिहिलं होतं, जिल्ह्याच्या या भागात आढळत नाही, डोळखांब येथून आलेली माहिती चुकीच्या ओळखीवर आधारलेली. शिकरा या नावापुढे डोळखांब होतं, आणि खाली बारीक अक्षरात माहिती देणाऱ्याचं नाव होतं, सापगावच्या मास्तरांचं.

त्या रात्री मास्तर झोपले नाहीत. त्यांनी सात पानांचं पत्र लिहिलं, इंग्रजीत, शब्दकोश मांडीवर घेऊन. आम्हाला दिसतं ते तुम्हाला दिसत नाही म्हणून ते नसतं का, आमच्या म्हाताऱ्यांनी सत्तर पावसाळे जे पाहिलं ते चूक आणि तुम्ही एका दुपारी मारलं ते बरोबर का, असं सगळं त्यात होतं. पत्र चांगलं होतं. त्याला फक्त साक्षीदाराचा अंगठा हवा होता. म्हणून मास्तर शाईची डबी सदऱ्याच्या खिशात घालून वरच्या पाड्यावर गेले. जवळजवळ वर्षभराने गेले. वाटेत ओहळ लागतो. त्या ऐनाला खालून नवे धुमारे आले होते, पण जोडी दिसली नाही, आवाजही नाही.

देवजी अंगणात दोर वळत होता. बाईजाने गूळपाणी ठेवलं. मास्तरांनी यादी काढून ती ओळ मराठीत वाचून दाखवली, मोठ्याने, रागाने, एकेका शब्दावर बोट आपटत. डोळखांबला रानशिकरा नाही, असं छापलंय, देवजीबाबा. छापलंय! आता या पत्रावर अंगठा दे.

देवजीने दोर गुडघ्याखाली धरला आणि विचार केला.

"त्यानं बरोबरच लिवलंय की, मास्तर," तो म्हणाला. "आता नाय तो."

मास्तरांनी यादी मिटली. गूळपाणी प्यायले. पत्राची सात पानं त्यांनी चार घड्या करून आत ठेवली, शाईची डबीही खिशात परत घातली, आणि उतरणीला लागले. डबीचं झाकण नीट बसलं नव्हतं, हे घरी देवकीने सदरा काढून उजेडात धरला तेव्हा कळलं. डाग कशाने गेला नाही.